गुडघा किती वाकला? अंगावरच्या सेन्सरवर कुठे विश्वास ठेवावा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी आणि ठाण्यात प्रॅक्टिस करणारी त्याची फिजिओथेरपिस्ट मावसबहीण मिळून गुडघेदुखीच्या रुग्णांची चाल मोजू पाहताहेत. प्रत्येक पायाला दोन एमपीयू-६०५० सेन्सर (जायरो आणि अॅक्सेलरोमीटर एकाच चिपमध्ये) आहेत, एक मांडीला आणि एक नडगीला. दोन्ही एका ईएसपी३२ बोर्डाला (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) जोडलेत आणि सॅम्पलिंग १०० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, होतं. मोजणी सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये चालते. तक्रारी चार आहेत. पहिली, फक्त जायरोचे आकडे बेरजेत घेत गेलं, तर टेबलावर नुसते ठेवलेले सेन्सरही दहा मिनिटांत गुडघा ४० अंश वाकलेला दाखवतात, आणि चालताना तर आकडा दोन मिनिटांत कुठच्या कुठे जातो. दुसरी, कॉम्प्लिमेंटरी फिल्टर (जायरो आणि अॅक्सेलरोमीटर दोन्हींचे कोन ठरावीक प्रमाणात मिसळणारं गणित) लावला की ड्रिफ्ट, म्हणजे आकड्याचं असं सरकत जाणं, थांबतो, पण गुडघा ६० ऐवजी ४२–४५ अंशच वाकतो. तिसरी, पट्टा काढून पुन्हा बांधला की त्याच माणसाचा आकडा बदलतो. चौथी, डावा-उजवा पाय वेळेत जुळत नाही. शिवाय मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) घ्यावा का, आणि हाच संच पाम बीच रोडवर धावणाऱ्यांना लावता येईल का, हेही विचारलंय.

फिल्टर बदलण्याआधी सेन्सर नेमकं काय मोजतो ते पाहा. जायरो कोन मोजत नाही, कोन बदलण्याचा वेग मोजतो. अॅक्सेलरोमीटर त्वरण मोजतो, आणि त्यात गुरुत्वाकर्षण कायम मिसळलेलं असतं. त्यामुळे कुठल्याही उत्तराबद्दल पहिला प्रश्न हा की तिथे पोचायला किती वेळा इंटिग्रेशन, म्हणजे आकड्यांची काळानुसार बेरीज, करावं लागलं. टाच कधी टेकली, पाय कधी उचलला, एका पावलाला किती वेळ लागला हे सिग्नलच्या आकारावरूनच कळतं, इंटिग्रेशन लागतच नाही. म्हणून स्वस्त सेन्सरही वेळेच्या बाबतीत चोख असतो. कोनासाठी एकदा इंटिग्रेशन लागतं आणि चूक काळाच्या प्रमाणात वाढते. अंतरासाठी दोनदा लागतं आणि चूक काळाच्या वर्गाने वाढते. अॅक्सेलरोमीटरमध्ये प्रति सेकंद वर्ग फक्त ०.०५ मीटरची खोट राहिली, तर १० सेकंदांत २.५ मीटरची चूक होते आणि एका मिनिटात ९० मीटरची. तलावपाळीच्या कट्ट्यावर मिनिटभर स्वस्थ बसलेला माणूस मासुंदा तलावाच्या पाण्यात पोचला, असं गणित सांगेल.

आता तुमची पहिली तक्रार. दहा मिनिटांत ४० अंश म्हणजे दोन सेन्सरच्या फरकात सेकंदाला ०.०६७ अंश उरलेला बायस, म्हणजे सेन्सर स्थिर असतानाही दिसणारी शून्याची चूक. हे वाईट नाही, उलट चांगलं आहे. या चिपच्या डेटाशीटमध्येच जायरोच्या शून्याला सेकंदाला ±२० अंशांची सूट दिलेली आहे. त्यातून तुम्ही इथवर आलात म्हणजे स्थिर ठेवून सरासरी वजा करण्याचं काम नीट झालंय. चूक आहे ती दहा मिनिटं अखंड बेरीज करत राहण्यात. वीस मीटरची एक फेरी गुडघेदुखीचा माणूस साधारण २० ते ३० सेकंदांत संपवतो. तेवढ्या वेळात ०.०६७ ने जास्तीत जास्त २ अंश सरकतील, आणि तेही काढता येतात. फेरीच्या आधी तीन-चार सेकंद आणि नंतर तीन-चार सेकंद माणसाला अगदी स्तब्ध उभं करा. सुरुवातीच्या स्तब्ध भागाची सरासरी बायस म्हणून वजा करा, मग बेरीज करा. शेवटच्या स्तब्ध भागात कोन शून्यावर आला नसेल, तर उरलेला फरक संपूर्ण फेरीवर सरळ रेषेत वाटून काढून टाका. गुडघ्याच्या पुढे-मागे वाकण्यासाठी, छोट्या फेऱ्यांसाठी, एवढं पुरतं. मॅडग्विक, महोनी, काल्मन ही फिल्टरांची नावं प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये भारदस्त दिसतात, पण या कामाला ती लागत नाहीत.

चालताना मात्र ड्रिफ्ट टेबलापेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तो एकाच दिशेला जातो. हे बायसचं लक्षण नाही, जायरोची रेंज, म्हणजे मोजता येणारा कमाल वेग, संपल्याचं आहे. रीसेटनंतर ही चिप ±२५० अंश प्रति सेकंद आणि ±२ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण) या सर्वांत लहान रेंजवर उठते, आणि बरेच नमुना प्रोग्रॅम तिला तिथेच ठेवतात. साध्या चालीतही पाय पुढे झोकताना नडगी सेकंदाला ३०० ते ४०० अंशांपर्यंत जाते. झोका ०.४ सेकंदाचा आणि शेंडा ३५० चा धरला, तर २५० वर कापल्यामुळे दर पावलाला साधारण १३ अंश हरवतात, तेही नेहमी एकाच बाजूचे. कच्चे आकडे उघडून पाहा. शेंडा गोल न दिसता सपाट असेल आणि आकडा ३२७६७ किंवा उणे ३२७६८ वर चिकटलेला असेल, तर निदान झालं. जायरो ±१००० वर आणि अॅक्सेलरोमीटर ±८ जी वर ठेवा. रेंज बदलली की कच्च्या आकड्याला ज्याने भागून अंश किंवा जी मिळतात तो भागाकाराचा आकडाही बदलायचा असतो. ±२५० ला १३१, ±५०० ला ६५.५, ±१००० ला ३२.८, ±२००० ला १६.४. अॅक्सेलरोमीटरला ±२ जी वर १६३८४ आणि ±८ जी वर ४०९६. एक बदलून दुसरा तसाच राहिला की सगळे कोन चौपट किंवा पाव होतात, आणि दोष मात्र फिल्टरच्या माथी जातो. ±१००० वरही एक पायरी ०.०३ अंश प्रति सेकंदाची असते, म्हणजे बारकावा काही जात नाही.

दुसरी तक्रार, ४५ अंशांची. यात रेंजचा वाटा आहेच, पण फिल्टरचाही आहे. जायरोला ०.९८ आणि अॅक्सेलरोमीटरला ०.०२ वजन देणारा नेहमीचा जोड १०० हर्ट्झवर साधारण अर्ध्या सेकंदाचा कालांक (टाइम कॉन्स्टंट) देतो (०.९८ गुणिले ०.०१ भागिले ०.०२). म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला फिल्टर जायरोला बाजूला सारून अॅक्सेलरोमीटरचं ऐकू लागतो. अॅक्सेलरोमीटरला कोन कळतो तो फक्त गुरुत्वाकर्षणावरून, आणि तेही पाय स्थिर असेल तर. गुडघ्याच्या ३० सेंटीमीटर खाली बांधलेला सेन्सर सेकंदाला ३५० अंशांनी, म्हणजे ६.१ रेडियनने फिरतो तेव्हा फिरण्यामुळेच प्रति सेकंद वर्ग सुमारे ११ मीटरचं त्वरण तयार होतं. हे गुरुत्वाकर्षणापेक्षाही जास्त आहे. त्या क्षणी अॅक्सेलरोमीटरला ‘खाली कुठे’ विचारणं म्हणजे आकाशपाळण्यात बसलेल्याला ओळंबा धरायला सांगणं. फिल्टर हवाच असेल, तर ०.९९५ ठेवा, म्हणजे कालांक २ सेकंदांचा होईल. त्याहून बरं म्हणजे दुरुस्ती फक्त पाय जमिनीवर असताना करा: त्वरणाचं एकूण मान ९.८ च्या ५ टक्के आत असेल आणि जायरो सेकंदाला ५० अंशांखाली असेल तेव्हाच. आणखी एक जागा तपासा, चिपमधला डिजिटल लो-पास (जलद थरथर गाळणारा फिल्टर). कोणीतरी ‘आकडे फार थरथरतात’ म्हणून तो ५ हर्ट्झवर नेऊन ठेवलेला असतो. तिथे शेंडा बुटका होतो आणि सिग्नल जवळपास १९ मिलिसेकंद उशिरा येतो. ४२–४४ हर्ट्झची पायरी घ्या, तिथे उशीर ५ मिलिसेकंदांचाच असतो.

तिसरी तक्रार सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यावर सगळ्यांत कमी वेळ खर्च केला जातो. पट्टा पुन्हा बांधताना सेन्सर नडगीभोवती ३० अंश फिरला, तर ६० अंशांचा गुडघा ५२ अंशांचा दिसेल, कारण कोसाइन ३० म्हणजे ०.८६६. बाकीचं वाकणं गुडघा बाजूला झुकल्यासारखं दिसेल, आणि तुमची बहीण त्याला ‘व्हॅल्गस’ (गुडघा आत झुकणं) समजून बसेल. उपाय दोन: जागा ठरवा, आणि अक्ष गणिताने शोधा.

जागा अशी. नडगीचा सेन्सर हाडाच्या आतल्या सपाट बाजूवर, घोट्याच्या चार-पाच बोटं वर, जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं. पोटरीवर कधीच नाही. मांडीचा सेन्सर बाहेरच्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात. समोर लावला की मांडीचा स्नायू आवळताना फुगतो आणि सेन्सर स्वतःच डोलतो. पट्टा ४ ते ५ सेंटीमीटर रुंद, इलॅस्टिकचा, आतून सिलिकॉनची रेघ असलेला. एक बोट जेमतेम आत जाईल इतका घट्ट. सेन्सरची डबी पट्ट्याला शिवलेली हवी, खिशात सरकवलेली नको. कपड्यावरून बांधू नका. साडी किंवा सलवार असेल तर आत शॉर्ट्स किंवा लेगिंग घालून यायला आधीच सांगा, आणि नडगीला तर थेट कातडीवरच. पावसाळ्यात आणि मेमध्ये आपल्याकडे दहा मिनिटांत पट्ट्याखाली घाम साचतो आणि पट्टा खाली उतरतो. म्हणून आधी कातडी स्पिरिटने पुसून कोरडी करा, खाली दुतर्फा चिकटणारी मेडिकल टेप लावा, आणि पट्ट्याच्या वरच्या कडेला पेनाने खूण करा. सत्र संपल्यावर खूण आणि पट्टा यांत एक सेंटीमीटरहून जास्त फट पडली असेल, तर ते सत्र बाद.

पट्टा पुरेसा घट्ट आहे का, हे आकड्यांवरूनही कळतं. माणसाला टाचा उचलून धपकन टेकवायला सांगा. अॅक्सेलरोमीटरचा झटका ५० मिलिसेकंदांत विरला तर ठीक. १०० मिलिसेकंदांनंतरही थरथर चालूच असेल, तर तुम्ही पाय मोजत नाही आहात, पट्टा मोजत आहात.

अक्ष शोधायची रीत. माणसाला पाच सेकंद सरळ उभं करा, त्यातून दोन्ही सेन्सरना ‘वर’ कुठे ते मिळतं. मग उंच स्टुलावर बसवून पाय मोकळा सोडा आणि नडगी सहा-सात वेळा पुढे-मागे झुलवायला सांगा, मांडी हलू न देता. या झुलण्यात नडगीच्या जायरोचे तिन्ही आकडे ज्या दिशेभोवती सर्वाधिक पसरतात (प्रिन्सिपल कॉम्पोनंट काढा, पायथॉनमध्ये चार ओळींचं काम) तोच गुडघ्याचा अक्ष. मांडीसाठी उभ्याने कंबरेतून पाय सरळ ठेवून पुढे-मागे झुलवायला सांगा आणि तीच कृती करा. नंतर चालताना दोन्ही जायरोंचा आपापल्या अक्षावरचा घटक काढा, नडगीतून मांडी वजा करा, आणि ती वजाबाकी इंटिग्रेट करा. इथली नेहमीची चूक चिन्हाची. प्रिन्सिपल कॉम्पोनंट दिशा देतो, पण ती उजवीकडे की डावीकडे हे सांगत नाही. एक अक्ष उलटा आला की वजाबाकीची बेरीज होते आणि चालताना गुडघा शंभर अंशांवर वाकतो. दोन्ही अक्ष शरीराच्या एकाच बाजूला आहेत ना, हे उभ्याने दोन्ही पाय वाकवून एकदा पाहून घ्या.

शून्याची एक मेख इंजिनिअरच्या लक्षात येत नाही, फिजिओच्या येते. आपण सरळ उभं राहण्याला शून्य धरतो. पण संधिवाताच्या पुष्कळ रुग्णांचा गुडघा पूर्ण सरळ होतच नाही. उभं असतानाही तो ८–१० अंश वाकलेला असतो. सेन्सर त्यालाच शून्य म्हणतो आणि नेमका आजारच पुसून टाकतो. म्हणून उभ्याने साध्या गोनियोमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं दोन पात्यांचं साधन) कोन मोजा, आणि तो सेन्सरच्या आकड्यात मिळवा.

आता वेळ. एकाच पायाचे दोन्ही सेन्सर एका बोर्डावर आहेत, हे चांगलं केलंत. त्यांचे पत्ते ६८ आणि ६९ (हेक्समध्ये) राहतील, दुसऱ्याची एडी-शून्य पिन ३.३ व्होल्टला जोडली की झालं. प्रश्न दोन बोर्डांच्या घड्याळांचा. साधारण २० पीपीएमचे (दहा लाखांत २० भाग चुकणारे) दोन क्रिस्टल उलट दिशांना चुकले, तर दहा मिनिटांत २४ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. हे मोठं नाही, फेरी अर्ध्या मिनिटाची असेल तर नगण्यच. पण दोन्ही बोर्ड वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात, त्याची दुरुस्ती हवीच. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ एका चक्रात दोनदा येतो आणि प्रत्येक वेळी जेमतेम ०.१ सेकंद असतो. तिथे ५० मिलिसेकंदांची चूक म्हणजे अर्धा आकडा गेला. सर्वांत भरवशाची रीत गावठी आहे: बांधण्याआधी दोन्ही डब्या एकमेकींना टेकवून टेबलावर तीनदा ठोका, आणि सत्राच्या शेवटी पुन्हा तीनदा. सुरुवातीच्या ठोक्यांवरून जुळवा, शेवटच्यांवरून घसरण तपासा. ईएसपी-नाऊवरून (या बोर्डांमधला थेट वायरलेस दुवा) दर सेकंदाला एका बोर्डाने दुसऱ्याला खूण पाठवायची सोय केलीत तर उत्तमच, पण ठोके सोडू नका.

याहून मोठा चोर चिपच्या आत आहे. चिपचं स्वतःचं अंतर्गत घड्याळ ±५ टक्के चुकू शकतं. क्लॉक सोर्स जायरोच्या पीएलएलवर, म्हणजे जायरोच्या आधाराने चालणाऱ्या घड्याळावर, ठेवला तरी ±१ टक्का राहतोच. तुम्ही फिफोमधून (चिपमधली आकडे रांगेत साठवणारी छोटी मेमरी) आकडे घेत असाल आणि प्रत्येकात ०.०१ सेकंद गृहीत धरत असाल, तर ६० अंशांचा गुडघा ६३ होऊ शकतो, पावलाची वेळही तितकीच चुकेल. प्रत्येक आकड्याला बोर्डाच्या मायक्रोसेकंदांची वेळ चिकटवा आणि गणितात तीच वापरा. फिफो १०२४ बाइटचा आहे. एका नमुन्याचे १२ बाइट धरले तर १०० हर्ट्झवर ०.८५ सेकंदात भरतो. एसडी कार्ड मधूनच शंभरेक मिलिसेकंद अडून बसतं. तेवढं फिफो सांभाळतो, पण त्याच लूपमध्ये वाय-फायवर पाठवण्याचंही काम असेल तर नाही. खरं तर कार्डाचीच गरज नाही. ३० सेकंद, १०० हर्ट्झ, दोन सेन्सरचे २४ आणि वेळेचे ४ बाइट मिळून ८४ हजार बाइट होतात. ते ईएसपी३२ च्या रॅममध्ये आरामात मावतात. फेरी संपली की मग पाठवा.

विजेच्या बाजूने तीन गोष्टी. बॅटरी ३.७ व्होल्ट ५०० एमएएचची असेल आणि चार्जर टीपी४०५६ चा तयार मॉड्यूल असेल, तर तो मूळ १.२ किलोओहमच्या रेझिस्टरवर १ अँपिअर सोडतो. एवढ्याशा सेलला तो दुप्पट होतो. तो रेझिस्टर बदलून ५ किलोओहमचा लावा, करंट २५० मिलिअँपिअरवर येईल. सेल फुगलेली डबी रुग्णाच्या पायाला बांधायची नाही, यावर चर्चा नको. दुसरं, एएमएस१११७ रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त इनपुट लागतो. ३.७ मधून ३.३ काढताना तो गुडघे टेकतो आणि वाय-फाय चालू होताच बोर्ड रीसेट होतो. एपी२११२ किंवा एमई६२११ सारखा लो-ड्रॉपआउट घ्या आणि शेजारी १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तिसरं, ब्रेडबोर्डच्या वायरी पायावर टिकत नाहीत. वायर सोल्डर करा, मांडीपर्यंतची मऊ सिलिकॉनची घ्या आणि गुडघ्यापाशी ढिली ठेवा, नाहीतर गुडघा वाकताना वायरच सेन्सर ओढते. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या मॉड्यूलवर छापलं काहीही असो, ओळख-रजिस्टर (चिप स्वतःचा प्रकार सांगते ती जागा) वाचा. हेक्समध्ये ६८ आलं तर ६०५०, ७० आलं तर ती ६५०० आहे. ६५०० चालते, पण अॅक्सेलरोमीटरच्या फिल्टरची सेटिंग तिच्यात वेगळ्या रजिस्टरमध्ये असते.

मॅग्नेटोमीटर घेऊ नका. तो फक्त दिशा, म्हणजे उत्तर कुठे, हे सांगायला लागतो, आणि गुडघ्याच्या वाकण्याला उत्तर लागत नाही. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे. स्टिल्ट पार्किंगमध्ये खांबांतल्या सळ्या, उभ्या गाड्या आणि लिफ्टची मोटर मिळून ते पावलापावलाला बदलतं. नडगीचा सेन्सर तर जमिनीतल्या सळ्यांच्या अधिकच जवळ. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला न्यावी लागली. ते काम पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज तुमच्या शेजारी नवीन पनवेलला आहे. ट्रामने वेधशाळा हलते तिथे दहा गाड्यांमध्ये उभ्या सेन्सरने काय करावं!

पार्किंगची दुसरी अडचण उताराची. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंग आणि पोडियमच्या फरशीला उतार दिलेला असतो. स्पिरिट लेव्हलने पाहा, आणि फेऱ्या दोन्ही दिशांच्या समान संख्येने घ्या. एसी क्लिनिकमध्ये शून्य काढून बाहेर उकाड्यात मोजू नका, तापमान बदललं की जायरोचा बायस सरकतो. जिथे चालायचं तिथेच दहा मिनिटं संच चालू ठेवून मग सुरुवात करा. अनवाणी की चपलेत, हे ठरवा आणि प्रत्येक भेटीत तेच ठेवा. सैल चपलेत लोक टाच आधी टेकवत नाहीत, पूर्ण पाऊल टाकतात.

चक्र ओळखायला नडगीचा जायरोच पुरे. पाय झोकताना येणारा मोठा शेंडा म्हणजे मध्य-झोका. त्याच्या नंतरचा पहिला खड्डा टाच टेकल्याचा, आधीचा खड्डा पाय सुटल्याचा. दोन शेंड्यांत किमान अर्धा सेकंद ठेवा. शेंडा ओळखायचा उंबरठा सेकंदाला १५० अंशांवर पक्का बसवू नका. हळू चालणाऱ्या रुग्णाचा शेंडाच १०० च्या आसपास असतो आणि त्याची पावलं मोजली जाणार नाहीत. त्या फेरीतल्या वरच्या आकड्यांच्या निम्म्यावर उंबरठा ठेवा. सिग्नल नितळ करताना दुसऱ्या क्रमाचा बटरवर्थ फिल्टर पुढून-मागून दोनदा चालवा. दोनदा चालवल्यामुळे कटऑफ (ज्याच्या वरचं गाळलं जातं ती मर्यादा) खाली येतो, म्हणून ६ हर्ट्झ हवं असेल तर ७.५ भरा. हा कोनासाठी. टाच टेकण्याची वेळ शोधायला तो वापरू नका, तिथे २० हर्ट्झ तरी हवेत.

फेरीची पहिली आणि शेवटची दोन-दोन चक्रं टाका, वळणं तर पूर्णच टाका. वीस मीटरमधून प्रत्येक पायाची दहा-अकरा कामाची चक्रं मिळतील, म्हणजे पाच फेऱ्यांत पन्नासच्या वर. चक्राच्या वेळेतला चढउतार सांगायचा असेल तर इतकी हवीतच. धडधाकट माणसाचा चढउतार १ ते ३ टक्के असतो, म्हणजे १.१ सेकंदाच्या चक्रात वीसेक मिलिसेकंद. १०० हर्ट्झवर मोजण्याची चूक ४ मिलिसेकंद, म्हणून निभावतं. कुठल्या घड्याळातून २० हर्ट्झचे आकडे घेऊन हेच कराल, तर मोजणीची चूकच २० मिलिसेकंद होईल, आणि तुम्ही रुग्णाचा नव्हे, घड्याळाचा चढउतार छापाल. चालण्याचा वेग सेन्सरने काढू नका. जमिनीवर दोन चिकटपट्ट्या आणि एक मोजपट्टी पुरते.

पडताळणीशिवाय एकही रुग्ण घेऊ नका. टेबलावर गोनियोमीटरच्या दोन पात्यांना सेन्सर चिकटवून ०, ३०, ६०, ९० अंश पाहा. तिथे १ अंशाच्या आत यायला हवं. मग मांडीच्या वरच्या हाडावर, गुडघ्यावर आणि घोट्यावर रंगीत टिकल्या लावून बाजूने मोबाइलचा २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या. फोन स्टँडवर, गुडघ्याच्या उंचीला, तीन मीटर दूर, अगदी काटकोनात. मग तुमच्या बहिणीने पट्टे काढून तीन वेळा पुन्हा बांधावेत आणि एकाच माणसाच्या तीन फेऱ्या घ्याव्यात. त्यांत ४ अंशांचा फरक आला, तर तुमच्या संचाची कुवत ४ अंशांची. व्यायामानंतर ३ अंश सुधारणा दिसली तर ती पट्ट्याची असू शकते. प्रयोगशाळेतल्या कॅमेरा-पद्धतीशी तुलनेत पुढे-मागे वाकण्यात ५ अंशांचा फरक चालवून घेता येतो. बाजूला झुकणं आणि गोल फिरणं या संचातून सांगूच नका.

पुढे मांडी घालून बसणं किंवा उकिडवं बसणं मोजायचं ठरलं, तर पिच-रोल-यॉ ही तीन कोनांची भाषा सोडा आणि क्वाटर्नियन (दिशा चार आकड्यांत मांडायची रीत) वापरा. मांडी आडवी झाली की पिच ९० च्या जवळ जातो आणि बाकीचे दोन कोन उड्या मारू लागतात. आणि आकड्यांवरून ‘चालतोय, बसलाय, जिना चढतोय’ ओळखणारं मॉडेल शिकवणार असाल, तर चाचणीसाठी माणसं वेगळी काढा, तुकडे नव्हे. एकाच माणसाच्या नोंदीचे शेजारशेजारचे तुकडे शिकवण्यात आणि चाचणीत दोन्हीकडे गेले की अचूकता फुगते. कागदपत्रांत कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी, मराठीतलं संमतीपत्र, आणि फाइलला नावाऐवजी क्रमांक. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा प्रोजेक्ट लहान आहे म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

धावणाऱ्यांसाठी हाच संच चालेल, पण सेटिंग तीच ठेवून नाही. जायरो ±२०००, अॅक्सेलरोमीटर ±१६ जी, सॅम्पलिंग किमान २०० हर्ट्झ. पाय जमिनीवर असण्याचा काळ धावताना ०.२ ते ०.३ सेकंद असतो. १०० हर्ट्झवर एका नमुन्याची चूक म्हणजे त्यातले ३–५ टक्के. चिपचा ४४ हर्ट्झचा फिल्टर इथे आदळण्याचा शेंडा कापेल, तो १८४ वर न्या. मांडीचा सेन्सर काढून टाका, धावताना तिथलं मांस इतकं हलतं की आकड्यांना अर्थ राहत नाही. नडगीचा एकच ठेवा, टेपवरून पट्टा आणि पट्ट्यावरून क्रेप बँडेज. त्यातून मिनिटाला किती पावलं, जमिनीवरचा वेळ, आणि डाव्या-उजव्यातला फरक एवढंच काढा.